चला, भोगावतीच्या माहेरी!



आपल्या भागात दोन शेतकरी बांधावर भेटले की पहिला विषय पाण्याचा. "काय मामा, पाळी आली का?" "कुठली पाळी, उपसाबंदी लागलीया न्हवं!" मग राधानगरीत किती टीएमसी उरलंय, खालच्या बंधाऱ्याचे बरगे घातलेत की नाही, हा सगळा हिशेब उभ्या उभ्या होतो. पावसाळ्यात तोच हिशेब उलटा चालतो. स्वयंचलित दरवाजे किती उघडले, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरसुद्धा सांगतं.

पण हे पाणी जिथनं निघतं ती जागा पायांनी तुडवलेले सभासद किती? उचगावच्या पारावर हात वर करायला सांगितलं तर मोजके हात वर होतील, आणि त्यातलेही निम्मे "गोव्याला जाताना दाजीपूर लागलं होतं" असं म्हणणारे. गाडीत डुलकी घेत लागलेलं दाजीपूर हे काही पाहिलेलं दाजीपूर नव्हे.

या अंकात थोडी वेगळी माहिती देत आहोत. लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, ठिबकचे अनुदान यांवर शेतकी खाते नेहमी लिहितेच. इथं आपल्या पाण्याच्या उगमाकडं जाणाऱ्या सोप्या पायवाटांविषयी लिहायचे आहे. दोर लावून कडे चढणाऱ्या तरुणांना सांगणारे पुष्कळ आहेत. हा लेख गुडघे कुरकुरू लागलेल्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि घरच्या बायामाणसांसाठी आहे. कोल्हापूरची अंबाबाई पायी करणाऱ्याला यातली एकही वाट जड जाऊ नये.

पाणी कुठनं येतं

पंचगंगा म्हणजे पाच नद्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो, तिथून पुढं नदीला पंचगंगा म्हणायचं, आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. चारही दिसणाऱ्या नद्या सह्याद्रीच्या धारेवरच्या रानातून येतात. आपल्या करवीरच्या सपाटीवर वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उसाला त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे आपल्या शिवारात पडलेल्या पावसावर ऊस पिकत नाही, हे उघड आहे. गगनबावडा-दाजीपूरच्या बाजूला आपल्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, तो अडवला जातो, मुरतो, सावकाश खाली येतो, आणि त्याच्यावर आपली मोटर चालते. विहिरीवर भिजवणाऱ्यांनी स्वतःला वेगळं समजू नये. नदी आणि पाट वाहते राहिले तरच विहिरीचा झरा टिकतो.

अडवण्याचं काम धरण करतं, हे सर्वांना माहीत आहे. मुरवण्याचं काम रान करतं, हे मात्र लक्षात येत नाही. दाट झाडीखाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो. थेंब त्यावर पडतो तेव्हा त्याचा मार बसत नाही, तो हळूच आत जातो आणि कुठल्यातरी ओघळीला महिन्या-दोन महिन्यांनी झरा होऊन बाहेर पडतो. उघड्या डोंगरावर तोच थेंब माती घेऊन धावत सुटतो. नदीला आलेलं खडूळ पाणी म्हणजे कुणाच्या तरी डोंगराची माती, आणि ती शेवटी धरणाच्या तळाशी जाऊन बसते. धरणाची भिंत सरकार बांधू शकतं. पालापाचोळ्याचा तो थर सरकारलाच काय, कुणालाच बांधता येत नाही.

हे रान राहिलं कसं, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. शिकारीसाठी राखलं म्हणून ते तुटलं नाही, असा हा उफराटा प्रकार! पुढं १९५८ साली ते दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य मानलं जातं. १९८५ साली हद्द वाढवून ते राधानगरी अभयारण्य झालं, आणि आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. राधानगरीचा आणि काळम्मावाडीचा अशा दोन्ही जलाशयांच्या काठचं रान त्यात येतं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना आणि चांदोली यांच्या जोडीला आपलं राधानगरीही त्या यादीत गेलं.

पहिली वाट : संगमाची

सुरुवात घराजवळून करावी. प्रयाग चिखली कोल्हापूर शहराला लागूनच आहे. सकाळी ऊन चढायच्या आत संगमावर जावं आणि नदीकाठानं जमेल तेवढं चालावं. एका बाजूला कासारी, दुसऱ्या बाजूला भोगावती. पावसाळा सरता सरता गेलात तर दोन्ही पाण्यांच्या रंगात फरक दिसतो, आणि वर कुठल्या खोऱ्यात पाऊस झाला हे त्यावरनं ओळखणारे जाणते काठावर भेटतात. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडी तेव्हा पाण्यात होती. पुराची खूण घराच्या भिंतीवर कुठवर आली होती ते एखाद्या आजींना विचारावं, त्या हात उंच करून दाखवतील.

इथनं खाली हीच नदी शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आणि इचलकरंजीच्या बाजूचं रंगाचं पाणी घेत जाते. मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यातूनच. साखर धंद्याच्या पत्रिकेत हे छापावं की नाही असं कुणी विचारेल, पण यात आपल्या धंद्याचाही वाटा राहिलेला आहे, तेव्हा लिहिलेलं बरं. वरचं पाणी पाहून आलेल्या माणसाला खालचं पाणी बघवत नाही, एवढं मात्र खरं.

दुसरी वाट : धरण आणि तलावाकाठ

उचगावातून राधानगरी पंचावन्न-साठ किलोमीटर. रंकाळा स्टँडवरून एस.टी. मिळते. गावाच्या नावातली राधा म्हणजे शाहू महाराजांची कन्या राधाबाई, आणि धरणाच्या तलावाला नाव दिलं ते महाराणी लक्ष्मीबाईंचं, लक्ष्मी तलाव. १९०७ च्या सुमारास महाराजांनी हे काम हाती घेतलं. त्या काळात एका संस्थानाच्या खजिन्यातून एवढं धरण बांधायला निघणं म्हणजे धाडसच. पैसा अपुरा पडला, काम अर्धवट राहिलं, १९२२ साली महाराज गेले. पुरं धरण उभं राहायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडावी लागली. तेव्हा संस्थानही उरलं नव्हतं, ते १९४९ साली विलीन झालेलं. आज तलावात ८.३६ टीएमसी पाणी मावतं. त्याच्याशेजारी दूधगंगेवरच्या काळम्मावाडीत २५.३९ टीएमसी. आकड्यानं राधानगरी लहान, पण भोगावती काठच्या आणि खालच्या पंचगंगेच्या मळ्यांना आधार आहे तो याचाच.

फेजिवड्याकडून धरण नीट दिसतं. सात स्वयंचलित दरवाजे हे इथलं खरं आकर्षण. तलाव पूर्ण भरला की पाण्याच्या दाबानंच दार उघडतं आणि पातळी उतरली की आपोआप मिटतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. एका दारातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात जो आकडा आपण वाचतो तो हाच. धरणावर जाण्याचे नियम पाटबंधारे खात्याचे आहेत, चौकीत विचारल्याशिवाय भिंतीकडं फिरकू नये. मात्र गावातून तलावाच्या बाजूनं पायी हिंडायला पुष्कळ जागा आहे. हत्तीमहालाकडं जावं, वाटेतली जुनी झाडं बघावीत. उतारवयाच्या माणसांनी एवढंच करून दुपारच्या गाडीनं परतलं तरी दिवस सार्थकी लागला म्हणायला हरकत नाही.

राऊतवाडीचा धबधबाही याच बाजूला आहे. पावसाळ्यात तिथं जी गर्दी आणि जो धिंगाणा चालतो तो पाहता सहकुटुंब जाणाऱ्यांनी रविवार टाळावा. धबधब्याला बाटल्या घेऊन जायची गरज काय, हे आम्हांला आजवर कळलेलं नाही.

तिसरी वाट : दाजीपूरचं रान

राधानगरी सोडून फोंड्याच्या रस्त्यानं वर निघालं की उसाचे मळे संपतात, भाताची खाचरं लागतात, मग तीही मागं पडतात आणि झाडी रस्त्यावर येते. तासाभरात दाजीपूर. समुद्रसपाटीपासून नऊशे-हजार मीटरची उंची, त्यामुळं चैत्रातसुद्धा सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं.

अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. दिवाळीच्या सुमारास उघडतं आणि नेमका त्याच वेळी आपला गळीत हंगाम सुरू होतो! टोळी आली का, चिटबॉय फिरकला का, या धावपळीत डिसेंबर-जानेवारी निघून जातो. तेव्हा आपल्या लोकांना सोयीचा काळ म्हणजे तोड संपल्यावरचा, मार्च अखेर ते मे. उन्हाळा असला तरी रानात सावली आहे. त्या दिवसांत पाणवठे आटलेले असतात, म्हणून उरलेल्या पाण्यावर जनावर दिसण्याचा संभवही जास्त. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं पिकतात. आणि वळिवाच्या सरी पडून गेल्या की मे अखेरीस झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. अलीकडं त्यासाठी राधानगरीत काजवा महोत्सवही भरतो.

आत जायला वनखात्याचा परवाना लागतो आणि सोबत वाटाड्या घ्यावा. आतल्या लांबच्या रस्त्याला जीपगाड्या मिळतात. सावराईच्या सड्यापर्यंतचं अंतर पायी मोठं आहे, तिथं वाहनानंच जावं. पायी हिंडायला नेमून दिलेल्या वाटा कोणत्या आणि त्या दिवशी कोणती खुली आहे, हे नाक्यावर विचारून ठरवावं. वाटाडे इथल्याच वाड्यांतले असतात. त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नये. शहरातल्या हॉटेलात आपण चहाला किती देतो ते आठवावं.

रान कसं आहे? अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा अशी सदा हिरवी झाडी, खाली कारवीचं दाट रान. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली की डोंगर जांभळा होतो. वर फांदीवरनं फांदीवर उडी टाकणारं तांबूस झुपकेदार शेपटीचं जनावर दिसलं तर ते शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी. पंखांचा मोठा आवाज करीत धनेश जातो, तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी यंत्र चालल्यासारखं वाटतं. झाडीतून एकदम मोकळ्यावर आलात की समजावं सडा लागला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात तो भाजलेल्या तव्यासारखा उजाड दिसतो, आणि अडाणी माणसाला वाटतं की इथं काहीच नाही. पाऊस सरताना त्याच दगडावर बोटभर मातीत लाखो रानफुलं येतात. हा दगड सच्छिद्र आहे, पाणी पितो, आणि पोटातून सावकाश सोडतो.

थोडी चढाची तयारी असेल तर शिवगडाकडं जावं. गड लहान, तटबंदीचे अवशेष तेवढे उरलेत. चढ असा नाही, झाडीतली वाट आहे. पण तिथं उभं राहिल्यावर जे कळतं ते नकाशावर कळत नाही. पश्चिमेला कडा तुटून खाली कोकण पसरलेलं. पूर्वेला आपलं खोरं. या धारेच्या तिकडं पडलेला थेंब थोडक्या वाटेनं अरबी समुद्रात जातो. इकडं हातभर सरकून पडला तर भोगावती, पंचगंगा, कृष्णा असा करीत कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला. आपला ऊस त्या हातभर अंतरावर उभा आहे.

गवा आणि आपण

दाजीपूरला जाऊन गवा दिसला का, हाच प्रश्न आल्यावर सगळे विचारतात. गवा म्हणजे रानरेडा नव्हे आणि विलायती बायसनही नव्हे. तो गाईगुरांच्या कुळातला. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, खांद्याला पुरुषभर उंच, काळसर अंग आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. स्वभावानं लाजाळू. माणसाची चाहूल लागली की कळप निघून जातो. धोका दोनच वेळा : एकटा फिरणारा नर अचानक समोर आला तर, आणि माय आणि वासरू यांच्या मधे आपण सापडलो तर. वाटाडा थांब म्हणाला की थांबायचं, मागं चला म्हणाला की मागं यायचं. फोटोसाठी चार पावलं पुढं टाकणारा पाहुणा सगळ्यांना अडचणीत आणतो.

पण गव्याशी आपली गाठ आता रानातच पडते असं राहिलं नाही. उसाच्या फडात तो येतो, दाजीपूरपासून दूर, पार कोल्हापूरच्या वेशीपर्यंत. डिसेंबर २०२१ मध्ये शहराच्या आसपास गवे आले होते आणि करवीर तालुक्यात एका तरुणाला जीव गमवावा लागला. त्या दिवसांत जनावर बघायला माणसांचे थवेच्या थवे शिवारात जमले होते, हे आपण विसरू नये. जनावर बिथरतं ते गर्दीनं. फडात गवा दिसला तर टोळीला बाहेर काढावं, वनखात्याला कळवावं, आणि त्याला आल्या वाटेनं जायला जागा मोकळी ठेवावी. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा करून भरपाई मिळते. ती वेळेवर आणि पुरी मिळते का, हा निराळा विषय, आणि राधानगरी-भुदरगडच्या शेतकऱ्यांना त्याचा अनुभव आपल्यापेक्षा जास्त आहे.

खरं तर त्यांच्याविषयीच दोन शब्द लिहायला हवेत. राधानगरीच्या तलावाखाली आणि नंतर काळम्मावाडीच्या तलावाखाली ज्यांची घरं-जमिनी गेल्या, त्यांच्या जमिनीवर उभं राहिलेलं पाणी आपण उपसतो. अभयारण्याच्या हद्दीत राहिलेल्या वाड्या आणि धनगरवाडे यांनी रान राखण्याचे निर्बंध सोसले. लाकूड तोडायचं नाही, नाचणी-भात गव्यानं खाल्लं तर काठी उगारायची नाही, रस्ता-वीज मागितली तर परवानगीचं घोंगडं भिजत पडलेलं. पाणी खाली आलं आणि ऊस खाली पिकला. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट नळानं कोल्हापूर शहरात आलं, फटाके वाजले. वरच्या वाड्यांत त्या दिवशी कुणी पेढे नेऊन वाटले असतील असं वाटत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरानं १९९७ साली एक करार केला. शहराचं पाणी दूरच्या कॅट्स्किल डोंगरातून येतं. पाणी शुद्ध करण्याचा प्रचंड खर्चाचा कारखाना उभारण्याऐवजी शहरानं तो डोंगर आणि रान राखायला पैसा घातला, आणि वरच्या शेतकऱ्यांनी पाणी खराब होऊ नये अशी शेती करावी म्हणून त्यांचा खर्च उचलला. आपल्याकडं टनामागं कितीतरी कपाती होतात. पाणलोटातल्या माणसासाठी टनामागं चार आणे कापावेत, असा ठराव एखाद्या वार्षिक सभेत कुणी मांडला, तर त्याला सूचक-अनुमोदक मिळावेत.

जाताना

पाच-सहा जणांचाच गट करावा. भडक कपडे नकोत, मातकट किंवा हिरवट बरे. पायात जुने मळलेले बूट, चपला नकोत. पाण्याची बाटली घरनं न्यावी आणि रिकामी घरी आणावी. गुटख्याच्या पुड्यांनाही हाच नियम. मोबाईलवर गाणी लावू नयेत. भाकरी, पिठलं, खर्डा असा आपला डबा असला की तिथल्या हॉटेलची चिंता नाही, पण उरलेलं अन्न माकडांना घालू नये. त्यांना सवय लागते आणि मग ती अंगावर येतात.

विडीचं थोटूक हा मोठा शत्रू. फाल्गुन-चैत्रात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो. काही ठिकाणी नवं गवत चांगलं फुटेल म्हणून मुद्दाम वणवा लावतात. उसाचा पाला पेटवण्यातला तोटा आता आपल्या बऱ्याच सभासदांना पटला आहे. डोंगराचं गणितही तेच. वर लिहिलेला पालापाचोळ्याचा थर एका दुपारी जळून जातो, पुढच्या पावसात माती उघडी पडते.

वाघ दिसेल का, असं मुलं विचारतील. राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला एक वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत पुन्हा कॅमेऱ्यात सापडला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तोच असल्याचं ओळखलं गेलं. म्हणजे मधल्या साऱ्या डोंगरातून, गावांच्या आणि रस्त्यांच्या कडेनं, कुणाच्या नजरेस न पडता तो चालत गेला. मुलांना एवढंच सांगावं की वाघाला आपण दिसू, आपल्याला वाघ दिसायचा नाही.

एस.टी.नं जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर कंडक्टरकडून विचारून घ्यावी. दाजीपूरकडून संध्याकाळी गाड्या कमी असतात, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर उभं राहणं बरं नव्हे.